कागद चाललेत

ठाण्याहून मला येणारे मेसेज बहुतेक एकाच वळणाचे असतात. लग्न झालंय, नवरा अमेरिकन नागरिक आहे, माझ्या ग्रीनकार्डसाठी अर्ज टाकलाय, आता पुढे काय? आणि तोवर करायचं काय? न्यू जर्सीत आल्यावर इथल्या बर्फाबद्दल लिहावं असं मनात होतं, पण बर्फात कुणाला फारसा रस दिसत नाही. तेव्हा एकदाच सविस्तर लिहून टाकते.

आधी रस्ता. नवरा अमेरिकेतून आय-130 हा बायकोला तिकडे बोलावून घेण्याचा अर्ज भरतो. आमच्या वेळी त्याची फी 535 डॉलर होती, एप्रिल 2024 पासून ऑनलाइन 625 आणि कागदी अर्जाला 675 झाली. तो मंजूर झाला की फाइल तिथल्या सरकारच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. सगळे त्याला एनव्हीसीच म्हणतात. तिथे आधी 325 आणि 120 डॉलर अशा दोन फिया भरायच्या, मग डीएस-260 हा व्हिसाचा फॉर्म आणि दोन्हीकडचे कागद अपलोड करायचे. सगळं पटलं की 'डॉक्युमेंटरिली क्वालिफाइड', म्हणजे कागद पूर्ण झाले, असा निरोप येतो आणि अमेरिकन वकिलातीतल्या मुलाखतीच्या तारखेची वाट सुरू होते. आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला तो पहिल्याच टप्प्यात. त्या काळात वेबसाइट उघडली की तेच वाक्य: अर्ज मिळाला आहे. सकाळी तेच, रात्री तेच.

माझं स्पष्ट मत असं की हा काळ नावं जुळवायला दिलाय असंच समजा. आपल्याकडे एका बाईची किती नावं असतात ते फाइल लावताना कळतं. माझा जन्म आजोळचा, कारण पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे मी जन्मभर ठाण्याची, पण जन्माची नोंद सातारा जिल्ह्यातल्या नगरपालिकेत. तिथून आलेल्या दाखल्यात जन्मतारीख बरोबर, आई-वडिलांचं नाव बरोबर, आणि बाळाच्या नावापुढे एक आडवी रेघ. बारसं व्हायच्या आधीच नोंद झाली होती, नंतर परत जाऊन नाव घालायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. शिवाय आईचं नाव माहेरचं कुंदा, सासरचं शुभांगी. लग्नात तांदळात नाव लिहून बदललं, एवढाच काय तो त्याचा पुरावा! दाखल्यावर कुंदा, माझ्या पासपोर्टवर शुभांगी. मामाने नगरपालिकेत खेटे घालून माझं नाव चढवून घेतलं आणि आई-बाबांनी कोर्ट नाक्यावर नोटरीकडे बसून, कुंदा आणि शुभांगी एकच, असं प्रतिज्ञापत्र केलं. टायपिस्टने आईला विचारलं, "नक्की ना?" आई म्हणाली, "मलाच आता शंका येतेय."

बाकीचे कागद त्यामानाने सरळ. लग्नाचा पुरावा म्हणून पत्रिका किंवा कार्यालयाची पावती चालत नाही, महापालिकेचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी तीन साक्षीदार आणि भटजींची सही लागते, म्हणून भटजी गावाला जायच्या आत त्यांना गाठा. पीसीसी, म्हणजे आपल्यावर गुन्हा नाही असं पोलीस प्रमाणपत्र, पोलीस ठाण्यातून नाही, पासपोर्ट सेवा केंद्रातून घ्यायचं. ठाणेकरांसाठी ते वागळे इस्टेटला. फी 500 रुपये, मग पोलीस पडताळणी. सोळाव्या वर्षानंतर दुबई-सिंगापूरला वर्षभर राहिला असाल तर त्या देशाचंही पोलीस प्रमाणपत्र लागतं, आणि ते भारतात बसून मिळवणं किचकट, तेव्हा त्या कागदापासूनच सुरुवात करा. नुसता मराठीत असलेला दाखला असेल तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं सहीनिशी निवेदन जोडा. आणि व्हिसा हातात पडेपर्यंत पासपोर्टवरचं नाव बदलू नका. सासूबाईंना मी हे पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं, त्यांनीही ताणलं नाही.

लग्न खरं आहे हे सिद्ध करणं हा आणखी वेगळाच प्रकार. चारशे माणसं जेवून गेली तरी त्यातलं कुणी साक्षीला येत नाही. फोटोग्राफरने दिलेला करिझ्मा अल्बम, ज्यात आम्ही दोघं ढगांतून प्रकट होतो, तो या कामाला निरुपयोगी. उपयोगी पडले ते मोबाइलवर काढलेले वेडेवाकडे फोटो: दोन्हीकडची मंडळी पंगतीत, नवरा माझ्या आजीला औषध देताना, त्याच्या प्रत्येक फेरीची विमानाची तिकिटं. 2023 मध्ये अधिक श्रावण आला. जावई पहिल्याच वर्षी परदेशात, आणि आईने तेहतीस अनारसे तर तळून ठेवलेले. शेवटी व्हिडिओ कॉल लावून ताट त्याच्यासमोर धरलं, दिवा ओवाळला, आणि डोंबिवलीहून आलेल्या सासऱ्यांनी मुलाच्या वतीने वाण घेतलं. त्या कॉलचा स्क्रीनशॉट फाइलमध्ये लावला, खाली इंग्रजीत दोन ओळी लिहून. साहेबांना काय कळलं असेल ते असो, मला तो आमच्या लग्नाचा सगळ्यात पक्का पुरावा वाटतो.

नवऱ्याच्या बाजूचा मोठा कागद म्हणजे आय-864. त्याने लिहून द्यायचं की ही सरकारवर बोजा होणार नाही. त्यासाठी त्याचं उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट असावं लागतं. 2025 च्या आकड्यांनुसार दोघांच्या घराला साधारण 26,400 डॉलर. कमी पडत असेल तर दुसरा कुणी जामीन चालतो. यातली गंमत अशी की घटस्फोट झाला तरी ही जबाबदारी संपत नाही. बायको नागरिक होईपर्यंत किंवा साधारण दहा वर्षांच्या कामाचा हिशेब भरेपर्यंत ती चालूच राहते. आजीला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "सप्तपदीपेक्षा हे बरं की गं."

आता तो दुसरा प्रश्न, तोवर करायचं काय. नोकरी सोडू नका. मी ऐरोलीला कामाला होते. "तू तर जाणारच" म्हणून एक चांगलं काम दुसऱ्याकडे गेलं, त्याचा राग अजून आहे. पुढच्या वेळी मीच जाऊन मागून घेतलं आणि ते पूर्णही केलं. शेजाऱ्यांसाठी आईने एक उत्तर ठरवलं होतं: "कागद चाललेत." दूधवाल्यापासून भिशीच्या बायकांपर्यंत सगळ्यांना तेच, पुढे एक शब्द नाही. मी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाची पुन्हा सभासद झाले. 1893 पासून चालू असलेल्या संस्थेत उभं राहिलं की आपली फाइल दोन महिने पुढे सरकली नाही याचं फार काही वाटत नाही. शनिवारी मैत्रिणीबरोबर तलावपाळीला फेऱ्या, त्यात व्हिसाचा विषय काढायला बंदी.

नवऱ्याशी बोलायची वेळ रात्री नऊ. तेव्हा तिकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा, हिवाळ्यात साडेदहा, म्हणजे ऐन कामाची वेळ. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं बदलली की हमखास भांडण. शेवटी ठरवलं, आठवड्यात एक कॉल फक्त कागदांचा आणि बाकीच्यात कागदांचं नाव काढायचं नाही. हे सगळ्यात कामी आलं.

मुलाखतीआधीची वैद्यकीय तपासणी वकिलातीने ठरवलेल्या डॉक्टरांकडेच होते. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड घरात शोधून ठेवा, नाहीतर एका दिवशी दोन्ही दंडांत सुया. मुलाखत आटोपली पाच-सात मिनिटांत: कुठे भेटलात, तो काय करतो, लग्नानंतर कितीदा आला. कुंदा-शुभांगीचं प्रतिज्ञापत्र मुलाखत घेणाऱ्या बाईंनी वाचलं, हसल्या आणि बाजूला ठेवलं.

उशीर होण्यातला एक फायदाही सांगते. अमेरिकेत पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर दोनच वर्षांचं सशर्त ग्रीनकार्ड मिळतं आणि ते संपायच्या आधीच्या 90 दिवसांत पुन्हा अर्ज, पुन्हा पुरावे. दोन वर्षं उलटली असतील तर थेट दहा वर्षांचं. आमची रखडपट्टी इतकी झाली की दहा वर्षांचंच मिळालं. तुमच्या लग्नाचा दुसरा वाढदिवस जवळ असेल तर तिकीट त्यानंतरचं काढा, फक्त व्हिसाची मुदत बघून. आणि पासपोर्ट व्हिसासकट हातात येईपर्यंत तिकीट काढूच नका.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. पण दाखल्यांचे आणि पासपोर्टचे फोटो मला पाठवू नका. गेल्या आठवड्यात तिघींनी पाठवले, एकीने तर आधारच्या दोन्ही बाजू. ते असे कुणालाही पाठवायचे नसतात, मलाही नाही.