नाक दाबल्यावर

‘नाक दाबलं की तोंड उघडतं’ ही म्हण मी आजवर कायम दुसऱ्यांसाठी वापरत आले. सत्तेचाळिसाव्या वर्षी ती माझ्यावरच उलटली. स्कूबाच्या, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहण्याच्या कोर्सचा पहिला दिवस, स्विमिंग पूलचा उथळ भाग, आणि मी तळाशी गुडघे टेकून बसलेली.

पोहायला मला लहानपणापासून येतं. 200 मीटर पोहणं आणि 10 मिनिटं नुसतं तरंगणं ही सुरुवातीची चाचणी आरामात झाली, त्यामुळे जरा तोऱ्यात होते. मग मास्कचा, म्हणजे डोळे आणि नाक झाकणाऱ्या काचेच्या मुखवट्याचा धडा आला. मास्क पाण्याने भरू द्यायचा, वरची कड कपाळाशी दाबून धरायची, नजर किंचित वर करायची आणि नाकाने संथपणे हवा सोडायची. ती हवा पाण्याला खालच्या कडेतून बाहेर लोटते. अट एकच, श्वास आत घ्यायचा तो फक्त तोंडाने. तोंडात रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा देणारा तोंडाचा भाग होता, हवाही हवी तेवढी होती. पण नाकाला पाणी लागलं आणि नाकाने आपलं नेहमीचं काम केलं. मी ठसकत उभी राहिले. असं पाच वेळा. नाकातोंडात पाणी जाणं म्हणजे काय ते अगदी शब्दशः कळलं. इन्स्ट्रक्टर माझ्या मुलाच्या वयाचा. दरवेळी शांतपणे म्हणायचा, “ताई, घाई नाहीये.” त्याचाच जास्त राग यायचा.

त्या रात्री बाथरूममध्ये बादली भरली. तोंडात स्नॉर्केल (पाण्याबाहेर टोक राहणारी श्वासाची नळी), मास्क नाही, चेहरा पाण्यात. फुगा फुगवताना घशाच्या मागच्या बाजूला जे आपोआप बंद होतं ना, ते मुद्दाम बंद ठेवायचं, एवढंच काम. पहिल्या रात्री दहा सेकंद जमलं. तिसऱ्या रात्री दोन मिनिटं झाली आणि नवऱ्याने बाहेरून विचारलं, “आहेस ना?” मी स्नॉर्केलमधूनच हुंकार दिला. कोर्सला नाव घालायच्या विचारात असाल, तर आधी ही बादली करून बघा.

मास्कचं जमलं, मग कान. खाली जाताना दाब वाढतो आणि कानाचा पडदा आत ढकलला जातो. 10 मीटरवर एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, पण सगळ्यात जास्त जाणवतात ते पहिले काही मीटर. म्हणून पाण्याखाली गेल्यापासूनच नाक चिमटीत धरून, तोंड बंद ठेवून हलकेच हवा लोटायची. दुखायची वाट बघायची नाही. माझा उजवा कान लगेच मोकळा होतो, डावा मात्र ‘किर्र’ करत, मनात असेल तेव्हा. तो अडला की मीटरभर वर यायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. जोर लावायचा नाही. सर्दी असेल तर पाण्यात उतरायचंच नाही. माझा एक दिवस असाच गेला. बाकीचे खाली, मी बोटीत रुमाल घेऊन.

श्वास कधीही रोखायचा नाही, हा नियम तर झोपेतही म्हणता येईल इतक्या वेळा ऐकवतात. कारण साधं आहे. 10 मीटरवर छातीभर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते, आणि फुप्फुसांत तेवढी जागा नसते. शिवाय श्वासावर तरंगणंही अवलंबून असतं. सावकाश आत घेतला की आपण अंगुळ-दोन अंगुळ वर, सोडला की खाली. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ तेवढंच करत राहिले.

सामान घेण्याची घाई करू नका. पहिल्यांदा फक्त मास्क घ्या, आणि पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवून नाकाने श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला, तर तो तुमचा. (हे एकच काम नाकाने मनापासून केलं.) माझा चष्मा उणे पाचचा, म्हणून नंबरच्या काचा बसवून घेतल्या. आणि आरोग्याचा फॉर्म भरताना दमा, कानाचं जुनं दुखणं, काहीही लपवू नका.

समुद्रातल्या तिसऱ्या डाइव्हला, 9 मीटरवर, क्लाउनफिश या छोट्या पट्टेदार माशांची एक जोडी दिसली. पाण्यात सगळं साधारण एक तृतीयांशाने मोठं दिसतं, तरी त्यातला मोठा मासा माझ्या बोटाएवढाच होता. मी जरा जवळ गेले तर तो थेट माझ्या मास्कवर चालून आला. थबकला, मागे गेला, पुन्हा आला. मला हसू फुटलं. हसलं की गालांना वळ्या पडतात आणि मास्कची कड सुटते. डोळ्यांपर्यंत पाणी चढलं. कड दाबली, नजर वर केली, नाकाने हवा सोडली, आणि मासा परत दिसायला लागला. इन्स्ट्रक्टर शेजारी तरंगत बघत होता. त्याने अंगठा-तर्जनीचं वर्तुळ करून ‘ठीक?’ विचारलं. कशाबद्दल विचारतोय, ते मला क्षणभर कळलंच नाही.