एका ओळीसाठी तीन आठवडे: युक्रेनच्या मदतीचा हिशेब

फेब्रुवारी २०२५ मध्ये मी एका मराठी त्रैमासिकासाठी युक्रेन युद्धावर लेख लिहीत होतो. अमेरिकेने युक्रेनला एकूण किती लष्करी मदत दिली, हे सांगणारी एक ओळ त्यात हवी होती आणि ती तासाभरात होईल असे मी धरून चाललो होतो. त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष ट्रम्प ३५० अब्ज डॉलर म्हणत होते, झेलेन्स्की आपल्या हाती ७५ अब्जांच्या आसपासच आले असे सांगत होते, आणि जर्मनीतील कील इन्स्टिट्यूटच्या तक्त्यात सर्व प्रकारची मदत धरून ११४ अब्ज युरो दिसत होते. संपादकांनी फोनवर एवढेच सांगितले, "बातम्यांतले आकडे नकोत. मूळ अहवाल पाहा."

पाहिले, आणि गोंधळ वाढला. अमेरिकी संसदेने पाच पुरवणी कायद्यांद्वारे मंजूर केलेली रक्कम १७४ अब्ज डॉलरच्या वर जाते. पण तीत युक्रेन सरकारला पगार-निवृत्तिवेतनासाठी दिलेला पैसा, युरोपातील अमेरिकी सैन्याचा खर्च आणि अमेरिकेची स्वतःची रिकामी झालेली गोदामे भरण्याची तरतूद, असे सगळेच येते. परराष्ट्र खात्याच्या जानेवारी २०२५ च्या पत्रकात निव्वळ लष्करी मदत सुमारे ६६ अब्ज डॉलर होती. त्यातच एक वेगळी नोंद होती: तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी १९६१ च्या परदेशी मदत कायद्यातील तातडीचा अधिकार वापरून ऑगस्ट २०२१ पासून ५५ वेळा अमेरिकी लष्कराच्या साठ्यातून थेट शस्त्रे दिली, आणि त्यांची किंमत सुमारे ३१.७ अब्ज डॉलर भरली.

इथे मी चूक केली. एप्रिल २०२४ च्या कायद्यात साठा पुन्हा भरण्यासाठी १३.४ अब्ज डॉलर होते, आधीच्या कायद्यांतही तशाच तरतुदी होत्या, आणि त्या सगळ्या मी दिलेल्या शस्त्रांच्या किमतीत मिळवून बेरीज मांडली. माझे मामा बँकेतून लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "अरे, गोदामातला माल दिलास आणि मग तेच गोदाम भरलेस. एकच खर्च दोनदा कसा लिहितोस?" दोन दिवसांचे काम खोडावे लागले.

मामांनी पुढे विचारलेला प्रश्न मात्र मला सुचलाच नव्हता: दिलेल्या जुन्या शस्त्राची किंमत कोणती धरली, घसारा, म्हणजे वापराने व काळाने घटलेले मूल्य, वजा जाता उरलेली पुस्तकी किंमत की तसेच नवे घ्यायला लागणारी किंमत? त्याचे उत्तर शोधताना या विषयातला सर्वांत विलक्षण भाग हाती लागला. जून २०२३ मध्ये पेंटागॉननेच जाहीर केले होते की अनेक शस्त्रांना पुस्तकी किमतीऐवजी तसेच नवे घेण्याची किंमत लावली गेली, आणि त्यामुळे २०२२ च्या आर्थिक वर्षात २.६ अब्ज व २०२३ मध्ये ३.६ अब्ज, म्हणजे एकूण ६.२ अब्ज डॉलर जास्त दाखवले गेले. मदतीची कमाल मर्यादा डॉलरमध्ये ठरलेली असल्याने, हिशेब दुरुस्त होताच तेवढ्याच रकमेची आणखी शस्त्रे देण्यास वाव निर्माण झाला. हिशेबातली चूक घेणाऱ्याच्या पथ्यावर पडल्याचे असे उदाहरण मी तरी दुसरे पाहिलेले नाही. जुलै २०२४ मध्ये संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेच्या अहवालातून आणखी २ अब्जांची चूक पुढे आली, आणि कायद्यात 'मूल्य' या शब्दाची व्याख्या या कामापुरती पुरेशी स्पष्ट नाही, हेही त्यात नोंदवलेले होते.

शस्त्रे पोहोचल्यानंतरच्या नोंदींबद्दल संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांचा जानेवारी २०२४ चा अहवाल मी वाचला. खांद्यावरून डागायची क्षेपणास्त्रे, रात्री अंधारात पाहण्याच्या दुर्बिणी अशा विशेष देखरेखीच्या १.६९ अब्ज डॉलरच्या वस्तूंपैकी १ अब्जाहून अधिक किमतीच्या वस्तूंची क्रमांकनिहाय मोजणी मुदतीत झालेली नव्हती. काही बातम्यांनी त्याचा अर्थ 'शस्त्रे गायब' असा लावला होता. अहवालात तसे म्हटलेले नाही. मोजणी राहिली, एवढेच म्हटले आहे.

अखेर लेखात ओळ गेली ती अशी: 'अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानुसार, फेब्रुवारी २०२२ पासून जानेवारी २०२५ पर्यंत सुमारे ६६ अब्ज डॉलरची लष्करी मदत.' तिच्याखाली मंजूर रक्कम, साठा पुन्हा भरण्याची तरतूद आणि किमतीची पद्धत सांगणारी अकरा ओळींची तळटीप होती. संपादकांनी ती चार ओळींवर आणली. अंक आला तेव्हा मामांनी लेख बाजूला ठेवून आधी तळटीपच वाचली आणि घसाऱ्याचा उल्लेख का कापला, असे मला विचारले.