नानांच्या लॅपटॉपवरची लाल रेघ

यंदा दिवाळीला माहेरी जाताना फराळाच्या डब्यांसोबत पिशवीत दोन वस्तू जास्तीच्या होत्या: १६ जीबीचा पेनड्राइव्ह आणि २४० जीबीची एसएसडी, म्हणजे जुन्या हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क. धुळ्याहून शिंदखेड्याकडे एसटीत बसले तेव्हा पिशवी मांडीवरच धरून ठेवली होती.

नाना, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षक होते. आता वय ७६. निवृत्तीनंतर ते अहिराणी या आमच्या खान्देशी बोलीतल्या शब्दांची वही लिहितात. अशा अकरा वह्या झाल्यात. शब्द, अर्थ, तो कुठे ऐकला, आणि एक वाक्य. माय म्हणते, बाजारात भाजी घ्यायला पाठवलं की भाजीवालीचे शब्द घेऊन येतात, भाजी विसरतात. यातले तीनेकशे शब्द काही वर्षांपूर्वी एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतले होते, पण ते जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये. तो फाँट नसलेल्या कुठल्याही मशीनवर फाईल उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची रांगोळी दिसते. तेव्हापासून नानांचा संगणकावरचा विश्वास उडाला होता.

घरी लॅपटॉप होता, माझा जुना, २०१३ सालचा. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम. त्यावर विंडोज १० होतं, आणि त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो, त्यामुळे तो रस्ता बंद. मशीन मात्र धडधाकट होतं. मी धुळ्यात झेरॉक्स आणि टायपिंगचं सेंटर चालवते. तिथे दोन मशीन तीन वर्षांपासून विंडोजऐवजी लिनक्स या मोफत प्रणालीवर आहेत, त्यामुळे काय करायचं ते मनात पक्कं होतं. लिनक्सचाच एक प्रकार, डेबियन १३, आणि त्यावर हलका डेस्कटॉप एक्सएफसीई.

डेबियनच का, हे विचारणाऱ्यांसाठी दोन कारणं. एक, ते वर्षानुवर्षं गडबड न करता चालतं, आणि मी गावापासून लांब राहते. दोन, त्याचा चित्ररूप इन्स्टॉलर पहिल्याच पडद्यावर भाषा विचारतो आणि त्या यादीत मराठी आहे. गावात नेट मोबाईलवरच आणि तेही गच्चीवर जाऊन, म्हणून बाकीचं नेटवरून ओढणाऱ्या लहान नेटइन्स्टॉलऐवजी पूर्ण डीव्हीडीचं आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची अख्खी फाईल, धुळ्यातच उतरवून पेनड्राइव्हवर लिहून नेलं होतं.

जुन्या हार्डडिस्कमधले फोटो काढून घेतले, मागचं झाकण उघडून एसएसडी बसवली. नाना खुर्ची ओढून शेजारी बसले. पडद्यावर मराठी उमटलं आणि ते मोठ्याने वाचायला लागले, शाळेत धडा वाचावा तसे. मग म्हणाले, "हाई बठ्ठं मराठीमा शे?" म्हणजे, हे सगळं मराठीत आहे? शब्दांचा माणूस, त्यामुळे पुढचा प्रश्न आलाच, डेबियन म्हणजे काय? मी सांगितलं, इयान मरडॉक नावाच्या तरुणाने १९९३ मध्ये हे सुरू केलं, आणि नाव ठेवताना आपल्या मैत्रिणीचं डेब्रा आणि स्वतःचं इयान जोडलं. नानांनी वहीच्या समासात ते टिपून घेतलं.

इथे तीन गोष्टी सांगून ठेवते, कारण या तिन्हींत मी कधी ना कधी अडकलेय. इन्स्टॉल करताना कीबोर्ड इंग्रजीच ठेवा. मराठी ठेवला आणि पासवर्ड देवनागरीत गेला की लॉगिनच्या वेळी पंचाईत होते. दुसरी, रूटचा, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याचा, पासवर्ड विचारतात तो रकाना रिकामा सोडा, म्हणजे तुमच्याच खात्याला सुडोचा, म्हणजे मशीनमध्ये बदल करायचा, अधिकार मिळतो. भरलात तर नंतर सुडो काम का करत नाही म्हणून अर्धा तास जातो. तिसरी, पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल केल्यावर पहिल्यांदा एखादं पॅकेज टाकायला गेलात की पॅकेज बसवणारं एपीटी म्हणतं, डीव्हीडी घाला. डीव्हीडी कुठून घालणार! सोर्सेसच्या यादीत सीडीरॉमने सुरू होणारी ओळ असते, तिच्यापुढे हॅशचं चिन्ह टाकायचं आणि नेटवरचा डेबियनचा पत्ता लिहायचा. वायफाय मात्र आपोआप चाललं. डेबियन १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, लागणारं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच असतं. त्याआधी यावरून फार मनस्ताप व्हायचा.

मशीन सुरू झालं तेव्हा रॅम साडेसहाशे एमबीच्या आसपास वापरलेली. चार जीबीत नानांना पुरून उरेल.

मग खरं काम. नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन एका डोळ्याचं झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. फाँटच्या सेटिंगमध्ये अक्षरं मोठी दिसावीत म्हणून डीपीआय ९६ वरून १२० केला, माउसचा बाण ४८ चा केला, खालची पट्टी जाड केली आणि तिच्यावर चारच चित्रं ठेवली: लिहायचं, फाईलींची पेटी, ब्राउझर, बंद करायचं. बाकी सगळं काढून टाकलं. डबल क्लिक त्यांच्या बोटांना जमत नाही, म्हणून थुनारमध्ये, म्हणजे फाईलींच्या पेटीत, आणि डेस्कटॉपवर एकाच क्लिकने उघडेल असं केलं. टाइप करताना तळहात टचपॅडला लागून बाण भलतीकडे पळायचा, त्यासाठी टाइप करताना टचपॅड बंद ठेवायची खूण माउसच्या सेटिंगमध्ये आहे. मेनूतलं काही इंग्रजीच राहिलं, पण जे लागतं ते पट्टीवर आहे.

आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही आणि या लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटं टिकते. लिहायच्या लिब्रेऑफिसमध्ये आपोआप जतन दर दहा मिनिटांनी असतं, ते दर मिनिटाला केलं आणि मागची प्रत ठेवायची खूण आहे ना, ते पाहिलं. बॅटरी अगदी संपत आली तर मशीन स्वतः बंद होईल, हेही पॉवर मॅनेजरमध्ये सांगितलं.

कीबोर्डला मात्र पूर्ण एक दिवस दिला, आणि तो दिवस मला आयुष्यभर पुरेल.

मी स्वतः टाइपरायटरवर शिकले, माझी बोटं त्यावरच्या रेमिंग्टन कळरचनेची. नाना कोरे होते, म्हणून त्यांना इनस्क्रिप्ट हीच कळरचना द्यायची ठरवली. कीबोर्डच्या लेआउटमध्ये इंग्रजीसोबत मराठीचं सुधारित इनस्क्रिप्ट घेतलं आणि दोन्हींत ये-जा करायला कॅप्स लॉकची कळ ठेवली. मराठीत कॅपिटल अक्षर नाहीच, मग ती कळ रिकामी कशाला राहू द्यायची? कीबोर्डच्या फाईलमध्ये आणखी एक शब्द जोडला की मराठी चालू असताना त्या कळीचा दिवा पेटतो. दिवा दिसला की मराठी, विझला की इंग्रजी. नानांना हे लगेच पटलं.

कागदावर अक्षरं लिहून, कापून, पारदर्शक चिकटपट्टीने कळींवर चिकटवली. नाना ती रचना बराच वेळ बघत राहिले. डाव्या हाताला सगळे स्वर आणि मात्रा, उजवीकडे बहुतेक व्यंजनं. क च्याच कळीवर शिफ्ट धरला की ख. ग वर घ, त वर थ, प वर फ, च वर छ. अल्पप्राण खाली, महाप्राण वर. तीस वर्षं फळ्यावर वर्णमाला लिहिलेल्या माणसाला ती कीबोर्डवर मांडलेली दिसली. "हे कोण्या मास्तरनं करेल शे," असं म्हणाले. मी सांगितलं की हा सरकारी मानक आहे, १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने पक्का केलेला. तरी त्यांचं मत बदललं नाही.

त्यांनी पहिला शब्द लिहिला 'मन्हा', म्हणजे माझा. इंग्रजी कळींच्या भाषेत सी, व्ही, डी, यू, ई. म, न, हलन्त (पाय मोडायची खूण), ह, काना. पाच कळा, आणि 'न्ह' जोडाक्षर पडद्यावर आपोआप जुळून आलं. दुसरा शब्द 'पोऱ्या'. इथे साधा र घेऊन हलन्त आणि य लिहिला तर रफार वर चढतो आणि 'पोर्या' होतं. त्यासाठी शिफ्ट धरून जे दाबायचं, म्हणजे नुक्त्याचा ऱ येतो, मग हलन्त, मग य. हे त्यांनी एकदाच विचारलं, पुन्हा चुकले नाहीत. दुपारी कळण्याची भाकर आणि ठेचा खाऊन परत बसले, ते दिवे लागेपर्यंत. एकेका बोटाने चाळीस नोंदी झाल्या.

आणि मग लाल रेघा.

मी माझ्या सेंटरच्या सवयीने लिब्रेऑफिसला मराठीची शुद्धलेखन तपासणी जोडली होती. अहिराणी तिला कशी कळणार? 'आंडोर', 'आंडेर', 'कसाले', 'बठ्ठा', 'शे', सगळ्यांखाली नागमोडी लाल रेघ. नानांनी विचारलं, "हाई लाल काय शे वं?" मी म्हटलं, त्याला ते शब्द चुकीचे वाटतात. नाना गप्प झाले. चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाले, "मी बी पोरेस्ना शब्द असाच लाल करेल शेतस."

ते खरं होतं. मी त्यांच्याच शाळेत शिकले. निबंधात 'शे' लिहिलं की त्यावर लाल शाईची काट आणि वर 'आहे'. माझ्या वहीतही. तेव्हा शाळेत तसंच करायचं असतं, असंच सगळे मानायचे, आणि पुढे जाऊन मुलांची फजिती होऊ नये ही त्यांची तळमळ होती. पण त्या रात्री ते जेवताना फारसं बोलले नाहीत, आणि मला झोप लागली नाही.

सगळे शब्द 'शब्दकोशात जोडा' म्हणत बसणं हा एक उपाय. तपासणीच बंद करणं हा दुसरा. दोन्ही मला पटेनात. कारण अहिराणी ही मराठीतली चूक नाही, तिला स्वतःची खूण आहे. जगभरच्या भाषांना जे तीन अक्षरी संकेत दिलेत, त्यात अहिराणीचा ए-एच-आर आहे. २०११ च्या जनगणनेत खान्देशी या नावाखाली १८ लाखांहून जास्त लोक मोजले गेलेत. लिब्रेऑफिसमध्ये अक्षरांच्या सेटिंगमधल्या भाषेच्या चौकटीत, यादीत नसलेली भाषाही संकेत टाइप करून देता येते. सकाळी मी तिथे ए-एच-आर, आडवी रेघ, आय-एन लिहिलं आणि वहीच्या मूळ शैलीलाच ती भाषा लावली. लाल रेघा एका क्षणात गेल्या.

मला वाटलं, झालं. नाना म्हणाले, "लाल रेघ राहू दे, पन मन्ही वहीपरमानं."

शिक्षक तो शिक्षकच. त्यांना स्वतःच्या टंकलेखनाच्या चुका कळायला हव्या होत्या. मग हनस्पेल उघडलं. लिब्रेऑफिसची तपासणी याच प्रोग्रॅमवर चालते, आणि हे मुळात हंगेरियन भाषेसाठी बनलं. त्या भाषेत शब्दाला प्रत्ययांवर प्रत्यय लागतात, म्हणून हनस्पेलमध्ये दोन साध्या फाईली असतात: एकीत शब्द, दुसरीत त्यांना काय काय लागू शकतं त्याचे नियम. आपल्याला हेच हवं. घर, वावर, गाव असे शब्द एकदाच लिहायचे, प्रत्येकापुढे एक खूण टाकायची, आणि नियमांच्या फाईलमध्ये त्या खुणेला ले, मा, ना, नी, नं हे प्रत्यय द्यायचे. मग घरले, घरमा, घरना, वावरमा, गावनी, सगळं आपोआप ओळखलं जातं. प्रत्यय नानांनी सांगितले, मी लिहिले. कोणत्या शब्दाला काय लागत नाही यावर आमचा तासभर वाद झाला, मायनेही दोनदा स्वयंपाकघरातून निकाल दिला. मग दोन्ही फाईली एका एक्स्टेन्शनमध्ये बांधून लिब्रेऑफिसला दिल्या. पहिल्या दिवशी ४१२ शब्द होते. मी धुळ्यात परतल्यापासून नाना नवे शब्द साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहितात, पुतण्या ती मला पाठवतो, आणि रविवारी मी नवी आवृत्ती परत पाठवते. क्रियापदांचे नियम अजून बाकी आहेत, ते अवघड आहेत. खान्देशाच्या पूर्व भागातल्या, रावेर-यावलकडच्या लेवा बोलीसाठी असंच कोणी करणार असेल तर माझ्या फाईली खुशाल घ्या.

निघायच्या दिवशी सकाळी नाना एक वाक्य लिहीत होते. लिहिता लिहिता हातातून जुन्या सवयीने 'गावाला' आलं. त्याखाली लाल रेघ उमटली. त्यांनी ती पाहिली, तीन कळा मागे घेतल्या, आणि लिहिलं, 'गावले'.