टाकीचं पाणी आणि ४७० ओमचा रेझिस्टर : आमची वाटचाल

२६ जुलैच्या पुराच्या पुढच्या वर्षी, २००६ मध्ये, धाकट्या भावाला बरोबर घेऊन मी भांडुपला एक गाळा भाड्याने घेतला. त्याआधी लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात दुरुस्तीच्या टेबलावर नऊ वर्षं काढली होती. काय बनवायचं ते पक्कं होतं : सोसायट्यांसाठी पाण्याच्या टाकीचा लेव्हल कंट्रोलर. मुंबईत महापालिकेचं पाणी ठरावीक वेळेला येतं, खालच्या टाकीत साठतं आणि पंपाने गच्चीवर चढवावं लागतं. पंप वेळेवर लागला नाही तर सकाळी सगळे मजले कोरडे. हे काम कुणाच्या आठवणीवर राहू नये असं मला मनापासून वाटायचं. अजूनही वाटतं.

पहिलं बोर्ड सीडी४०९३ या आयसीवर केलं. ही सीमॉस, म्हणजे अगदी कमी विजेवर चालणाऱ्या जातीची चिप. ही आयसी ३ ते १८ व्होल्टपर्यंत चालते, स्वतः जवळजवळ करंट खात नाही. मग व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर हवा कशाला, असं मी ठरवलं. ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा ब्रिज, एक मोठा कपॅसिटर, आणि त्याच लाइनवर रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच. असे चाळीस पॅनेल लावून झाले आणि फोन यायला लागले. पंप लागत नाही. आयसी जळलेली. आम्ही दुकान बदलून आयसी आणल्या, त्याही गेल्या. भाऊ म्हणायचा, माल डुप्लिकेट आहे. मलाही तेच पटत होतं, कारण तसं मानणं सोपं होतं.

मुलुंडच्या एका सोसायटीतल्या वॉचमनमामांनी डोळे उघडले. मी पॅनेल खोलणार तोच ते म्हणाले, “साहेब, खोलू नका. मेन स्विच बंद करून परत लावा, चालतं. माझं रोजचंच झालंय.” खरंच चाललं. जळलेली आयसी अशी जिवंत होत नाही. दुसऱ्या खेपेला बिघाड चालू असतानाच आयसीवर बोट ठेवलं तर चटका बसला. एरवी ती गारच असते.

हे लॅच-अप होतं. सीमॉस चिपच्या आत पी-चॅनेल आणि एन-चॅनेल ट्रान्झिस्टर शेजारी असतात. त्यातून पी-एन-पी-एन असे चार थर कुणी न मागता तयार होतात, म्हणजे एक छुपा थायरिस्टरच, एकदा लागला की लागलेलाच राहणारा स्विच. एखादी पिन सप्लायच्या वर किंवा ग्राउंडच्या खाली अर्ध्यापाऊण व्होल्टने गेली, किंवा सप्लायच मर्यादेबाहेर चढला, की तो लागतो. मग सप्लाय आणि ग्राउंड आतल्या आत जवळजवळ जोडले जातात, आणि कारण निघून गेलं तरी तो सुटत नाही. करंट ठरावीक पातळीखाली गेला तरच सुटतो. मामांचा मेन स्विच नेमकं तेच करत होता.

आमच्या बोर्डात दोन्ही कारणं होती. एका रात्री मीटर लावून बसलो. रिले सुटलेला, मेनचं व्होल्टेज चढलेलं, आणि १२ व्होल्टच्या त्या छोट्या ट्रान्सफॉर्मरवरून लाइनवर २१ व्होल्ट. शिवाय गच्चीवरच्या टाकीत पाण्याची पातळी ओळखायला सोडलेल्या प्रोबच्या लांब वायरी येत होत्या. पंपाचा काँटॅक्टर, म्हणजे पंप चालू-बंद करणारा मोठा स्विच, सुटताना उठणारा झटका त्यांच्यातून थेट आयसीच्या पिनेवर पोचत होता.

सप्लाय नव्याने केला. रिलेची लाइन वेगळी. आयसीला ४७० ओमच्या रेझिस्टरमागून ९.१ व्होल्टचा झेनर, म्हणजे व्होल्टेज त्याच्यावर चढू न देणारा डायोड. समजा लॅच झालंच आणि आयसीवर १ व्होल्टच उरला, तरी २१ व्होल्टला रेझिस्टर करंट ४३ मिलिअँपिअरच्या आतच ठेवतो. रेझिस्टर १ वॉटचा घेतला, कारण त्या अवस्थेत त्यात ०.८५ वॉट उष्णता होते. प्रत्येक आयसीच्या सप्लाय पिनांना चिकटून ०.१ मायक्रोफॅरॅडचा सिरॅमिक कपॅसिटर. दोन इंच लांब ठेवला तर त्याचा उपयोग फार कमी होतो. प्रत्येक प्रोबच्या वायरीत १० किलोओम : १०० व्होल्टचा झटका आला तरी पिनेत १० मिलिअँपिअरच जातो. काँटॅक्टरच्या कॉइलवर झटका शोषणारा स्नबर. मग टेबलावर पिनांचं व्होल्टेज मुद्दाम मर्यादेबाहेर नेऊन लॅच करायला बघितलं. आमच्याकडच्या आयसींपैकी एकही अडकून राहिली नाही.

चाळीसही पॅनेल स्वतःच्या खर्चाने बदलले. ते वर्ष नवं काही करता आलं नाही. पण त्याच सोसायट्यांनी पुढची कामं आणून दिली.

पुढे गच्चीवर स्वतंत्र अॅडॅप्टरचं युनिट दिलं, तेव्हा हाच प्रश्न दुसऱ्या दाराने आला. खालचं बोर्ड बंद आणि वरून सिग्नल चालू, तर इनपुटच्या संरक्षक डायोडमधून आयसीला चोरवाटेने वीज मिळते. मग खालची लाइट आली की ती लॅच होऊ शकते. तिथे आम्ही ऑप्टोकपलर घातला. तो सिग्नल प्रकाशातून पोचवतो, दोन्ही बाजूंना विजेची जोड राहत नाही.

आता पुतणी गाळ्यात बसते. तिचं नवं बोर्ड ३.३ व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणाऱ्या चिपवर आहे. तोही सीमॉसच. जागा वाचवायला इनपुटचे रेझिस्टर काढू का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, “आधी टेबलावर लॅच करून दाखव, मग बोलू.” गेले तीन दिवस ती तेच करते आहे.