चोरीच्या कुप्या

दंशपेशी कोणत्या संघात आढळतात? नीटच्या सराव परीक्षांत हा प्रश्न इतक्यांदा येतो की कोपरखैरण्याच्या माझ्या शिकवणीतली मुलं तो पुरता न वाचताच ‘निडेरिया’वर, म्हणजे जेलीफिश, सी ॲनिमोन वगैरेंच्या संघावर टिक करतात. यंदा मी मुद्दाम त्यांना एओलिड गटातल्या समुद्री गोगलगायीचा व्हिडिओ दाखवला. शंख नाही, पाठभर मऊ, लांबट उपांगं, आणि प्रत्येक उपांगाच्या टोकाशी दंश करणाऱ्या कुप्यांनी भरलेली पिशवी. संघ मृदुकाय, म्हणजे गोगलगायी-शिंपल्यांचा. “मग उत्तर बदलायचं का, मॅडम?” असा गलका झाला.

उत्तर तेच राहतं, कारण माल चोरीचा आहे. ही गोगलगाय सी ॲनिमोन, हायड्रॉइड असले निडेरियातले प्राणी खाते. पेशी पचवते आणि पेशीतली कुपी, म्हणजे नेमॅटोसिस्ट, तेवढी वाचवते. तिच्या पाचक ग्रंथीच्या फांद्या थेट त्या उपांगांत गेलेल्या असतात, त्या वाटेने कुप्या टोकापर्यंत पोचतात. ग्रॉसव्हेनर या प्राणिशास्त्रज्ञाने 1903 साली हे मांडलं. त्यातला पुरावा मला फार आवडतो: गोगलगायीच्या अंगातल्या कुप्या तिने खाल्लेल्या प्राण्याच्या कुप्यांशी जुळतात. खाणं बदललं की कुप्याही बदलतात.

दिवाळे गावातून येणारा एक कोळ्याचा मुलगा वर्गात सहसा तोंड उघडत नाही. त्या दिवशी म्हणाला, “मेलेली जेली पन चावते, मॅडम. जाल्यात नुसता तुकडा असला तरी हात सुजतो.” सगळी मेख इथेच आहे. कुपी उडायला, म्हणजे फुटून दंश करायला, प्राणी जिवंत लागत नाही. आत सुमारे 150 वातावरणांइतका दाब आणि गुंडाळून ठेवलेला दोरा. हायड्राची कुपी फुटताना दोऱ्याचं टोक अवघ्या 700 नॅनोसेकंदांत बाहेर पडतं, हे 2006 मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्याने मोजलं गेलं. अशी स्वयंपूर्ण वस्तू असल्यामुळेच ती चोरता येते. नुसता स्नायू चोरून कुणाला काय उपयोग!

पण मग चावताना, गिळताना ती उडत कशी नाही? थोड्या उडतातच. गोगलगायीच्या त्वचेत कायटिनचे कण भरलेल्या पेशी असतात, त्या मार झेलतात. शिवाय तिचा चिकट स्राव कुप्यांना शांत ठेवतो. एओलिडिया नावाच्या गोगलगायीत तर भक्ष्य ॲनिमोनची जात बदलली की स्रावही त्यानुसार बदलतो. आणि मुख्य म्हणजे तिच्या पोटातून शाबूत पुढे जातात त्यांत अपक्व कुप्या बऱ्याच असतात. त्यांच्यात अजून दाबच तयार झालेला नसतो, त्यामुळे उडायचा प्रश्न येत नाही. 2012 मध्ये आम्लता दाखवणारं चमकणारं रंगद्रव्य वापरून जर्मन संशोधकांनी पाहिलं, तर या कुप्या गोगलगायीच्या पेशींत गेल्यावर आम्लधर्मी होत होत पिकतात. म्हणजे चोरलेली वस्तू ही बाई स्वतःच्या घरी पूर्ण करून घेते. माझ्या मते चोरीपेक्षा हा भाग जास्त थक्क करणारा आहे, आणि व्हिडिओवाले नेमका तोच गाळतात.

पावसाळ्यात जुहूला वाहून येणाऱ्या ब्लू बॉटलला, म्हणजे जेलीफिशसारख्या दंश करणाऱ्या निळ्या प्राण्याला खाणारी ग्लॉकस ही निळी गोगलगायही याच गटातली. पोटात हवेचा बुडबुडा धरून ती उलटी तरंगते. ऑस्ट्रेलियात तिचा दंश झालेल्या माणसांबद्दल 1969 मध्ये ‘सायन्स’ मासिकात लेख आला होता. किनाऱ्यावर तसलं काही निळं दिसलं तर फोटो काढा, हात लावू नका.

जाता जाता एक गंमत. टेनोफोरा या जेलीफिशसारख्या दिसणाऱ्या प्राण्यांच्या संघाला दंशपेशी नसतात, पण हेकेलिया नावाच्या टेनोफोराच्या शुंडकांत त्या सापडल्या आणि दोन्ही संघांचं नातं त्यावरून जोडलं गेलं. 1984 मध्ये कळलं की त्याही जेलीफिश खाऊन मिळवलेल्या.

गोगलगाय या कुप्या शत्रूपासून बचावासाठी साठवते असं मानलं जातं. काही अभ्यासक मात्र म्हणतात, बचाव वगैरे काही नसेल, न पचणाऱ्या कुप्या एका बाजूला टाकायची ही फक्त सोय असेल. सगळ्याच मासोळ्या या गोगलगायींना सोडून देतात असं नाही, हेही खरं. तरी मला ते पटत नाही. त्या पिशवीला टोकाला छिद्र असतं आणि भोवती स्नायू, दाबलं की कुप्या बाहेर. कचऱ्याच्या डब्याला पिचकारी कशाला लागेल?