एस्टोनियात कंपनी काढली त्याचा अनुभव (बँकेत जाण्याआधी वाचा)

आमचं सॉफ्टवेअर द्राक्षाच्या कंटेनरचं तापमान नोंदवतं, नाशिकहून माल निघाल्यापासून रॉटरडॅमला उतरेपर्यंत. तिकडचा एक खरेदीदार म्हणाला, बिल युरोपातल्या कंपनीचं द्या, आम्हाला सोपं पडतं. म्हणून मी एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी घेतली. २०१४ च्या डिसेंबरपासून ही योजना चालू आहे. आधीच सांगतो, हा व्हिसा नाही आणि तिथे राहायचा हक्कही मिळत नाही, हे फक्त सरकारी डिजिटल ओळखपत्र आहे, पण त्यावर घरबसल्या कंपनी काढता येते.

फॉर्म ऑनलाइन भरला, कार्ड घ्यायला मात्र दिल्लीच्या दूतावासात स्वतः जावं लागलं कारण बोटांचे ठसे तिथेच घेतात. माझी बोटं सोल्डरिंगने घासलेली, अंगठा तीनदा पुसून ठेवला तेव्हा कुठे ठसा उमटला. पाकिटात कार्ड, यूएसबी रीडर आणि पिनचा कागद. पिन-१ लॉगिनला, पिन-२ सहीला. घरी येऊन पिन-२ टाकला आणि कंपनीच्या कागदावर माझी सही झाली, ना स्टॅम्प पेपर ना नोटरी, खरंच भरून आलं. तिथला कायदेशीर पत्ता आणि कॉन्टॅक्ट पर्सन (कंपनीची सरकारी पत्रं स्वीकारणारा तिथला माणूस) मात्र पैसे देऊन घ्यावा लागतो, तो दरवर्षीचा खर्च धरून चाला.

खरी अडचण इकडे आली. भांडवल २,५०० युरो ठेवलं होतं (२०२३ पासून एवढ्याची सक्ती नाही, पण क्लायंटसमोर बरं दिसतं) आणि ते पाठवायला बँकेत गेलो तर काउंटरवर म्हणाले एलआरएसमधून (भारतात राहणाऱ्यांना परदेशात पैसे पाठवू देणारी रिझर्व्ह बँकेची योजना) पाठवून द्या, घरच्यांना पाठवतात तसं. मी फॉर्मवर सही करणारच होतो, तेवढ्यात सीए ताईंचा फोन आला, "थांब, आधी यूआयएन!" परदेशी कंपनीत स्वतःचा हिस्सा घेतला की ती ओडीआय, म्हणजे परदेशातली थेट गुंतवणूक होते, २०२२ च्या नियमांप्रमाणे बँकेमार्फत फॉर्म एफसी भरायचा, रिझर्व्ह बँकेकडून यूआयएन (त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक) घ्यायचा आणि मगच पैसे पाठवायचे. एलआरएसची वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा लागू आहेच, पण ती असली म्हणून यूआयएन सुटत नाही. शाखेत हे कुणालाच माहीत नव्हतं, फॉरेक्सचं काम बघणाऱ्या मोठ्या शाखेत गेलो तेव्हा मार्गी लागलं, त्यात पाच आठवडे गेले. कळकळीने सांगतो, कार्डासाठी अर्ज करायच्या आधी अशी शाखा शोधून ठेवा.

शेअर मिळाल्याचा पुरावा पैसे पाठवल्यापासून सहा महिन्यांत बँकेला द्यायचा, एपीआर (परदेशी कंपनीच्या कामगिरीचा वार्षिक अहवाल) दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत, आणि आयकर रिटर्नमध्ये शेड्यूल एफए (परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता). नफा कंपनीतच ठेवला तर एस्टोनिया त्यावर कर घेत नाही, वाटला की घेतं, पण इथले कागद त्याने टळत नाहीत. स्टार्टअप इंडियाची नोंदणी भारतातल्या कंपनीलाच मिळते, म्हणून आमची पुण्याची कंपनी आम्ही बंद केलेली नाही, दोघींचे करार आणि हिशोब वेगळे ठेवलेत. पहिलं युरोतलं बिल मार्चमध्ये गेलं, द्राक्षाचा सीझन चालू असतानाच.