मे महिन्यात एका दिवसात राजगड ते तोरणा

राजगड आणि तोरणा या दोन किल्ल्यांना जोडणारी डोंगरधार हा पुणे परिसरातील भटक्यांचा जुना आणि आवडता मार्ग आहे. गुंजवणे गावातून राजगड चढायचा, संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून बाहेर पडून धारेला लागायचे, मधली गाडीरस्त्याची खिंड ओलांडून पुढच्या चढाने तोरण्याची बुधला माची गाठायची आणि मेंगाई देवीच्या मंदिरावरून वेल्ह्यात उतरायचे, असा हा क्रम असतो. नुसत्या धारेचे अंतर दहा-बारा किलोमीटर भरते; त्यात एका टोकाची चढाई आणि दुसऱ्या टोकाची उतराई मिळवली, की तयारीच्या माणसाचाही पूर्ण दिवस जातो. पावसाळा सरल्यावर आणि थंडीत या वाटेवर चांगली वर्दळ असते. मे महिन्यात मात्र जाणती मंडळी ती टाळतात. आम्हाला ते शक्य नव्हते, कारण माझा भाचा जूनमध्ये नोकरीसाठी बंगळुरूला जाणार होता आणि जाण्यापूर्वी त्याला ही धार माझ्याबरोबर चालायची होती. मी, माझे पती, भाचा आणि त्याचा एक मित्र अशा चौघांची आखणी मी केली. ती कशी केली आणि प्रत्यक्ष वाटेवर तिचे काय झाले, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

मे महिन्यात ही वाट घड्याळाच्या हिशेबाने चालावी लागते. या धारेवर मधूनमधून झाडी आहे, पण तोरण्याच्या बाजूचा चढ जवळजवळ उघडा आहे. सह्याद्रीचा काळा कातळ सकाळी दहानंतर तापू लागतो आणि दुपारभर ती उष्णता परत फेकत राहतो. म्हणून मी वेळापत्रक शेवटाकडून मांडायला घेतले. दुपारी बाराच्या आत बुधला माचीवर पोहोचायचे, तर खिंड नऊच्या आसपास ओलांडायला हवी. त्यासाठी अळू दरवाजातून सव्वासहापर्यंत बाहेर पडायला हवे. त्यासाठी पद्मावती माचीवर पहाटे पाचला असायला हवे, आणि गुंजवण्याहून चोर दरवाजाच्या वाटेने वर यायला आमच्या चालीने अडीच तास लागतात. म्हणजे गुंजवणे रात्री अडीचला सोडायचे. एवढ्या अंधारात चढायचे असल्यामुळे मी दिनदर्शिका पाहून पौर्णिमेनंतरची चतुर्थी निवडली. त्या तिथीला चंद्र रात्री उशिरा उगवतो आणि पहाटे चांगला वर असतो, त्यामुळे बॅटरीच्या झोताबाहेरची वाटही दिसत राहते. अमावास्येच्या आसपासची तारीख घेतली असती, तर चोर दरवाजाखालचा कातळातला चढ केवळ बॅटरीच्या भरवशावर करावा लागला असता, आणि ते मला मान्य नव्हते.

दिशेचा विचारही महत्त्वाचा आहे. राजगडाहून तोरणा साधारण वायव्येला येतो, त्यामुळे राजगडाकडून निघाले की सकाळचे ऊन पाठीवर राहते. उलट दिशेने आल्यास तेच ऊन पहिल्यापासून डोळ्यांवर येते. तोरणा राजगडापेक्षा थोडा उंचही आहे: राजगड १३७६ मीटर आणि तोरणा १४०३ मीटर. मोठा चढ शेवटी ठेवण्याचा तोटा आहे हे खरे, परंतु तोरण्यावर मंदिराची सावली आणि पाण्याची टाकी मिळतात, आणि दुपारचे चार तास काढण्यासाठी मला तेच हवे होते.

पाण्याचा प्रश्न सर्वांत अवघड होता. राजगडावर पद्मावती मंदिराजवळ पिण्याच्या पाण्याची टाकी आहेत आणि तोरण्यावर मंदिराच्या परिसरात टाकी आहेत, पण मे महिन्याच्या मध्याला त्यांत किती पाणी असेल, हे घरबसल्या सांगता येत नाही. मधल्या धारेवर मे महिन्यात भरवशाचा पाणवठा नाही. जाण्याच्या आठवड्यात मी गुंजवण्यातल्या ज्या घरी आम्ही जेवणाची सोय केली होती, तेथील काकांना फोन केला. ते म्हणाले, “ताई, पद्मावतीवरचं पाणी हाय अजून, पण गाळून घ्या. खिंडीत शनवार-रविवारी ताक-सरबतवाले बसत्यात, पण त्यांच्यावर इसंबून यिऊ नका.” हा सल्ला मी शब्दशः पाळला. प्रत्येकाने घरून निघताना पाच लिटर पाणी घ्यायचे, पद्मावती माचीवर प्यालेले तेवढे पुन्हा भरायचे आणि खिंडीत विकत मिळाले तर ते जादा समजायचे, असे ठरले. पाच लिटर म्हणजे पाठीवर पाच किलो, याबद्दल भाच्याच्या मित्राने थोडी कुरकुर केली. तथापि या एका बाबतीत मी कोणाचे ऐकणार नव्हते.

नुसते पाणी पुरत नाही, हेही मी मुलांना आधीच समजावले. घामाबरोबर मीठ जाते, आणि भरपूर साधे पाणी पिऊनही मीठ न मिळाल्यास पायांत गोळे येतात, डोके जड होते, मळमळते. म्हणून प्रत्येकाकडे जलसंजीवनीची पाकिटे होती आणि खाण्यात मीठ लावलेली काकडी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि लिंबाचे गोड-आंबट लोणचे होते. तेलकट आणि फार गोड पदार्थ घेतले नाहीत. अंगात पूर्ण बाह्यांचे सैल सुती कपडे, डोक्यावर रुंद काठाची टोपी आणि गळ्यात ओला करता येईल असा पंचा, हा सर्वांचा वेष ठरवला. अत्तर आणि सुवासिक तेल यांना सक्त मनाई केली, कारण राजगड-तोरण्याच्या कड्यांवर आग्या मोहोळे असतात आणि उग्र वासाने किंवा धुराने माश्या उठल्या, तर अरुंद वाटेवर पळायलाही जागा नसते.

राहिला वाहनाचा प्रश्न. वाट एका खोऱ्यात सुरू होते आणि दुसऱ्या खोऱ्यात संपते. पुण्याहून सातारा रस्त्याने नसरापूर फाट्याला वळून मार्गासनीपर्यंत रस्ता एकच आहे. पुढे एक वाट साखरमार्गे गुंजवण्याला जाते आणि दुसरी वेल्ह्याला. आम्ही आदल्या संध्याकाळी आमची गाडी वेल्ह्यात ठेवली आणि ठरवलेल्या जीपने गुंजवण्याला आलो. दिवसभर चालल्यानंतर परतीचे वाहन शोधत फिरण्यापेक्षा स्वतःची गाडी उतरण्याच्या ठिकाणी उभी असणे फार सोयीचे ठरते. त्याच जीपच्या चालकदादांशी आणखी एक गोष्ट बोलून ठेवली: सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान आमचा फोन आला, तर त्यांनी खिंडीत यायचे. या संपूर्ण मार्गावर मध्येच बाहेर पडण्याची सोपी जागा ती एकच आहे. तिच्या अलीकडे परत राजगड चढावा लागतो आणि तिच्या पलीकडे तोरणा पार केल्याशिवाय सुटका नाही. म्हणून खिंडीत पोहोचल्यावर चौघांपैकी एकालाही डोकेदुखी, मळमळ किंवा पायांत गोळे असतील, किंवा दहा वाजून गेलेले असतील, तर सर्वांनी तेथेच थांबायचे, हा नियम मी आदल्या रात्री जेवताना सांगितला आणि प्रत्येकाकडून होकार घेतला. दमलेल्या माणसाला तिथे उभे राहून हा निर्णय नव्याने घेता येत नाही. तो आधीच झालेला असावा लागतो.

हवामान खात्याचा अंदाज आम्ही तीन दिवस आधीपासून पाहत होतो. मे महिन्याच्या उत्तरार्धात दुपारनंतर वळवाचे ढग जमतात, आणि उघड्या धारेवर विजेच्या कडकडाटात सापडण्याची मला उन्हापेक्षाही अधिक भीती वाटते. त्या दिवशी पुणे जिल्ह्यात संध्याकाळकडे तुरळक ठिकाणी गडगडाटासह पावसाची शक्यता वर्तवली होती. दुपारी बारापासून मंदिराच्या आश्रयाला असण्याचे हे दुसरे कारण होते.

अडीचला निघालो आणि पद्मावती माचीवर पाचच्या थोडे आधीच पोहोचलो. वाटेत फारसे सांगण्यासारखे घडले नाही. चांदणे होते, वारा होता आणि चोर दरवाजाखालच्या टप्प्यावर लोखंडी कठड्यांना धरून सर्वजण शांतपणे वर आलो. टाक्यातले पाणी खाली गेले होते, पण स्वच्छ होते. ते दुपदरी कापडातून गाळून घेतले आणि त्यात निर्जंतुक करण्याच्या गोळ्या टाकल्या.

संजीवनी माचीवर उजाडले. जवळजवळ पाव शतक शिवाजी महाराजांची राजधानी असलेल्या या गडाचा समावेश २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या मालिकेतील बारा किल्ल्यांमध्ये होऊन त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. ती का मिळाली, हे संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी समोर ठेवूनच भाच्याला सांगावे, असे मला फार वाटत होते. बाहेरच्या तटाच्या आत दुसरा तट, दोहोंच्या मध्ये माणूस जेमतेम उतरेल एवढी खोल, अरुंद जागा, आणि बुरुजालाही तसेच चिलखत. तो त्या फटीत उतरून हाताने दोन्ही भिंती एकाच वेळी स्पर्श करून पाहत होता. आखणीतली पंधरा मिनिटे तेथे जास्त गेली, आणि मी त्याला घाई केली नाही, कारण अशा ठिकाणांसाठी मी वेळापत्रकात अर्धा तास राखूनच ठेवला होता.

अळू दरवाजाखालची उतरण हा या मार्गावरचा पहिला खरा कसोटीचा टप्पा आहे. मे महिन्यात गवत वाळून गेलेले असते, माती भुसभुशीत झालेली असते आणि बारीक खड्यांचा घसारा पायाखालून सरकत राहतो. पावसाळ्यात जेथे बूट रुततो, तेथे उन्हाळ्यात तो निसटतो. येथे टाच रोवून, अंग किंचित आडवे ठेवून, दोघांमध्ये पुरेसे अंतर राखून उतरावे लागते, कारण वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याकडे येतो. काठीचा येथे जेवढा उपयोग झाला, तेवढा दिवसभरात कोठेही झाला नाही. पुढे झाडीतून जाणाऱ्या वाटेला गुरांच्या वाटा येऊन मिळतात. संभ्रम पडला की उतारावर न भरकटता धारेच्या माथ्यालगतची वाट धरावी, हे सूत्र आम्हाला दरवेळी बरोबर घेऊन गेले. करवंदांच्या जाळ्या पिकल्या होत्या आणि मुलांचा वेग तेवढ्यापुरता मंदावला.

खिंडीत नऊ वाजून दहा मिनिटांनी पोहोचलो. रस्त्याकडेला एक मावशी ताकाची कळशी घेऊन बसल्या होत्या. आम्ही प्रत्येकी दोन पेले मीठ घातलेले ताक घेतले आणि सावलीत वीस मिनिटे बसलो. मी सर्वांना विचारले: डोके कसे आहे, शेवटची लघवी केव्हा झाली आणि तिचा रंग कसा होता. मुलांना संकोच वाटला, पण शरीरातले पाणी कमी होते आहे की नाही, हे कळण्याची याहून सोपी खूण नाही. माझ्या पतींचे गुडघे थोडे बोलत होते. बाकी सर्व ठीक होते. मग जीपवाल्या दादांना फोन करून, आम्ही पुढे जात आहोत, तुम्ही थांबू नका, असे कळवले.

खिंडीपासून बुधला माचीपर्यंतचे दोन-अडीच तास हे या दिवसाचे सार होते. अकरानंतर वारा पडला. एक टेपाड संपले की दुसरे उभे राहत होते आणि बुधल्याचा सुळका जवळ येताना दिसतच नव्हता. आम्ही वीस मिनिटे चाल आणि पाच मिनिटे विश्रांती असा ठेका धरला. प्रत्येक थांब्याला चार घोट पाणी, एका आड एका थांब्याला जलसंजीवनी, आणि पंचा ओला करून मानेवर. शेवटच्या कातळटप्प्यावर लोखंडाला हात लावताच भाच्याच्या मित्राने तो झटकन मागे घेतला. दुपारच्या उन्हात हे लोखंड तळहाताला सहन होत नाही, हे ठाऊक असल्यामुळे मी जाड सुती हातमोजे आणले होते. ते एकामागून एक चौघांनी वापरले. कोकण दरवाजातून आत येऊन मेंगाईच्या मंदिरात पाठ टेकली, तेव्हा पावणेबारा झाले होते.

तेथे आम्ही जेवलो, झोपलो, टाक्याचे पाणी गाळून भरले. साडेतीनला उतरायचे ठरले होते. तीनच्या सुमारास पश्चिमेकडे ढग काळवंडले आणि गडगडाट ऐकू आला. भाचा म्हणाला, “मावशी, पटकन उतरलो तर पावसाच्या आधी खाली पोहोचू.” मी नाही म्हटले. बिनी दरवाजाखाली कठड्याची कातळवाट आहे आणि त्याखाली उघडी सोंड. वीज चमकत असताना या दोन्ही ठिकाणी माणूस असू नये, आणि तेथील लोखंडाला हात तर मुळीच लावू नये. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यानंतर पूर्ण अर्धा तास जाऊ द्यायचा, मग निघायचे, असे मी सांगितले. पाऊस जेमतेम वीस मिनिटे पडला, पण आवाज बराच वेळ घुमत राहिला. आम्ही निघालो तेव्हा पावणेपाच वाजले होते. ओल्या कातळावर एकेक जण उतरत गेलो, सूर्यास्तापूर्वी सोंडेच्या खालच्या भागात आलो आणि सातच्या थोडे आधी वेल्ह्यात गाडीजवळ पोहोचलो.

गाडीत बसण्यापूर्वी मी सर्वांच्या बाटल्या तपासल्या. तोरण्यावर भरून घेतलेले धरून प्रत्येकाकडे सुमारे लिटरभर पाणी शिल्लक होते. मेमध्ये या वाटेने जाणाऱ्याने एवढी शिल्लक उरेल अशाच बेताने पाणी घ्यावे. वळवाने आम्हाला आणखी दोन तास वर अडकवले असते, तर तेही संपले असते.